मागच्या चाकाचा आवाज

घरातल्या दोघी, बायको आणि लेक, सकाळ-संध्याकाळ पायलटच्या डोक्यावर मिरे वाटत होत्या आणि विषय एकच: ब्रेक लावला की गाडीचं मागचं चाक किंचाळतं. पायलट म्हणजे विमानाचा नव्हे. हयातभर बस चालवली म्हणून डेपोतल्या मित्रांनी ठेवलेलं ते नाव. निवृत्त झाला तरी नाव काही निवृत्त झालं नाही. ज्याच्या बसला कधी साधा ओरखडा आला नाही, त्याला आता या दोघी ब्रेक शिकवणार!

"अहो, सगळी गल्ली वळून बघते," बायको म्हणाली.

"गल्लीला दुसरे उद्योग नाहीत."

लेक जास्त कडक. "बाबा, तुम्ही आलात की मला वर घरात बसून कळतं. रविवारपर्यंत हा आवाज बंद झाला नाही, तर किल्ली माझ्याकडे."

त्याला खरी धास्ती होती ती किल्लीची. लेकीला आपलं गाडी चालवणंच बंद करायचंय, आवाज हे नुसतं निमित्त, असं त्याने मनाशी पक्कं धरलं होतं. कारण आवाज नव्हताच! काचा खाली करून त्याने स्वतः ऐकलं होतं. बायकोला गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात नेणं-आणणं, एवढं एकच काम त्याच्या हातात उरलं होतं. तेही गेलं की कुणी कुठे नेलं तर जायचं, नाहीतर खुर्चीत बसायचं.

म्हणून रविवारी त्याने ब्रेकचे नवे पॅड आणले. स्वतःच्या हाताने चाक उघडायचं, जुने पॅड चांगले जाडजूड निघतील ते दोघींच्या नाकासमोर धरायचे, आणि मग आणलेतच तर नवे बसवून टाकायचे, असा त्याचा बेत होता.

चाकाच्या नटांना तो बेत मान्य नव्हता. मागच्या वेळी कुठल्या पहिलवानाने आवळले होते कोण जाणे. पान्यावर अख्खा उभा राहिला तेव्हा कुठे एक हलला. पुढच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक सोडला, जॅकवर गाडी उचलली, चाक काढलं, पॅड धरून ठेवणारा कॅलिपर सोडवला. जुने पॅड बरेच पातळ निघाले. "झिजलेत जरा," तो स्वतःशीच म्हणाला, "पण ओरडण्याइतके नाहीत."

नवे पॅड जाड, त्यांना जागा करायची तर कॅलिपरमधला पिस्टन आत दाबायला हवा. दाबला. हलेना. शिकंजा लावून आवळला, तरी हलेना. घाम नाकावरून टपटपायला लागला. बसचे ब्रेक कसे सरळमार्गी, आणि ही बोटभर वस्तू माणसाच्या नाकात दम आणते! पिस्टनच्या सात पिढ्यांचा उद्धार चालू असताना कुणीतरी त्याचा खांदा हलवला. मागे बायको चहा घेऊन उभी.

"अहो, त्याच्या तोंडावर खाचा आहेत. बरणीच्या झाकणासारखा फिरवून बघा. तीनदा सांगितलं मी!"

"कधी?"

"आत्ता! इथेच उभी राहून!"

पकडीची टोकं खाचांत घालून त्याने फिरवत दाबला, तर पिस्टन शहाण्या बाळासारखा आत गेला. त्याला पिस्टनचा राग आला आणि बायकोचा त्याहून जास्त.

नवा पॅड बसवताना मात्र त्याचा हात थांबला. पॅडच्या कडेला पत्र्याची एक छोटी पट्टी होती. ती कशासाठी असते ते त्याला ठाऊक होतं: पॅड झिजला की ती चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासते आणि किंचाळते, म्हणजे बहिऱ्यालाही कळावं. त्याने जुना पॅड फडक्याने पुसला. त्याची पट्टी घासून घासून चांदीसारखी चमकत होती. डिस्कवरही तिची गोल रेघ उठली होती.

म्हणजे चाक ओरडत होतं. दोघी खरं बोलत होत्या. पायलटला इतकं एकटं आजवर कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या मागच्या चाकाचा पिस्टन त्याने पहिल्यापासूनच फिरवत दाबला, दोन्ही चाकं बसवून गाडी खाली घेतली. गाडीत बसून पेडल घट्ट होईपर्यंत दाबलं. तेवढ्यात लेक खाली आली, भांडायच्या तयारीनेच.

"झालं? गेला आवाज?"

"गेला" म्हणायला त्याचं काय जात होतं? पण मागून वाजलेले किती हॉर्न आपल्याला ऐकूच आले नसतील, असं त्याच्या मनात आलं. आणि शेजारच्या सीटवर दर वेळी बायको असायची.

तो उतरला. "तू चालव. मी शेजारी बसतो."

लेकीने गाडी सुरू केली. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन तिने ब्रेक लावला. रस्ता सोडून तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"गेला का?"

"गेला, बाबा." मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने तेच पुन्हा, मोठ्याने सांगितलं.

"ओरडतेस कशाला?" तो खेकसला. मग त्याच चिडक्या सुरात म्हणाला, "उद्या आईला दवाखान्यात नेशील ना, तेव्हा मलाही ने. कानाच्या डॉक्टरकडे माझा नंबर लाव. तोवर किल्ली तुझ्याकडेच राहू दे."