बिनपट्टीची फट

एका जागी गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही. गोंदियाच्या रेल्वे यार्डात रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये लागलो तेव्हा गिट्टी ठोकता ठोकता जीव नुसता तडफडायचा. मला बिजलीच्या कामात जायचं होतं. बाबा रेल्वेतच चावीवाले. रोज सकाळी हातोडा खांद्यावर टाकून मैलोगणती रूळ तपासत चालायचे, ढिल्या चाव्या ठोकून बसवायचे, दोन रुळांमधल्या फटीवरच्या जोडपट्ट्या आवळायचे. माझं बिजलीचं वेड त्यांना रिकामटेकडेपणा वाटायचा.

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. आमच्या यार्डाच्या साहेबांनी कलकत्त्याहून विजेवर चालणारी खेळण्यातली दोन इंजिनं आणि रूळ आणले. रेल्वेच्या क्लबातल्या प्रदर्शनात ते मांडायचे होते. काम माझ्याकडे आलं. "ठीक से चला, तो तुझे बिजली में ले लूँगा," साहेब म्हणाले. तेव्हापासून अन्न गोड लागेना.

वीज रुळांतूनच जायची, त्यामुळे बटण दाबलं की दोन्ही इंजिनं पळायची. एक साइडिंगला, म्हणजे बाजूच्या फाट्यावर, उभं ठेवायचं तर साइडिंगचा एक रूळ कापून फट ठेवायची आणि पलीकडच्या तुकड्याला वेगळ्या बटणातून वीज द्यायची, ही अक्कल आठ दिवस डोकं खाजवल्यावर आली. मग मेन लाइनचं इंजिन गरगर फिरू लागलं आणि साइडिंगचं गुमान उभं राहिलं. तरी मी पुन्हा पुन्हा तपासत होतो.

प्रदर्शनाच्या दुपारी बाबा डबा घेऊन आले. त्यांना राखणीला बसवून मी खुर्च्या आणायला गेलो. परतलो तर म्हणाले, "जेवून घे. सारा रूळ मी पाहून ठेवला."

डबा तसाच ठेवून मी खुर्च्या मांडायला पळालो.

संध्याकाळी साहेबांसमोर मी मेन लाइनचं बटण दाबलं आणि साइडिंगचं इंजिनही निघालं. दोन्ही रूळ मिळतात त्या काट्यावर दोघांची टक्कर झाली, लोक खो-खो हसले. वाकून पाहिलं. माझ्या फटीवर तंबाखूच्या डबीचा पत्रा कापून केलेली जोडपट्टी, दोन्ही बाजूंनी घट्ट बसवलेली. वीज तिच्यातूनच पलीकडे गेली होती. उभ्या जन्मात बिनपट्टीची फट बाबांनी सोडली नव्हती, ही कशी सोडतील?

"ये किसने किया?" साहेबांनी विचारलं.

बाबा गर्दीत पुढेच उभे होते, शाबासकीची वाट पाहत असल्यासारखे. मी म्हणालो, "मैंने, साहब."

घरी जाताना बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "काऊन तोंड पाडून राहिला? बिजलीचा का भरवसा, बाबू! पर तो जोड पाहिला का? एवढा धक्का बसला, हलला नाही."

"नाही हलला," मी म्हणालो. राग इतका आला होता की रडू फुटेल असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गँगच्या हजेरीला जाऊन उभा राहिलो. रिटायर होईपर्यंत तिथेच होतो.