शिंपीणमावशीचा पडदा

शिंपीणमावशी तशी मनाने वाईट नव्हे हो. पण पाळकांची नवी सून गिटार घेऊन चर्चच्या दारात उतरली आणि मावशीच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही औषधाने थांबणारं नव्हतं.

कारण मुलांची रविवारची शाळा उभी केली ती मावशीनेच. सुरुवातीला जिन्याखाली सतरंजी टाकून बसायची. समोर तिची स्वतःची दोन पोरं, तीही चिमटे काढून बसवलेली. मग दर रविवारी सकाळी गल्लोगल्ली फिरून, कुणाची बटणं लाव, कुणाचं नाक पूस, असं करत तिने एवढी लेकरं जमवली की पाळकांनी मागचा हॉलच देऊन टाकला. आणि आता म्हणे लहान मुलं सूनबाईकडे, मोठी मावशीकडे! हॉलच्या मधोमध पडदा. तो शिवायचा कुणी? मावशीनेच.

पडद्यापलीकडे टाळ्या, उड्या, खिदळणं. अलीकडे मोठी मुलं तोंडाने "हो मावशी" म्हणायची आणि पायाने ताल धरायची. मावशीने आवाज चढवला की पलीकडचं गाणं आणखी चढायचं. एका रविवारी तर तिची लाडकी, बेकरीवाल्याची ठमी, पडद्याखालून सरपटत पलीकडे सटकली. मावशीला दिसले ते नुसते तळवे.

घरी येऊन तिने मशीन अशी हाणली की नवरा म्हणाला, "अगं, कुणाचा गळा शिवतेस?"

"पडद्याला अस्तर लावतेय. आवाज येतो पलीकडून."

"लेकरं म्हणजे काय गिऱ्हाइकाची ब्लाऊजं आहेत, दुसऱ्या दुकानात गेली म्हणून जळायला?"

"मी कशाला जळू? मला मेलीला कुठे गिटार येते!"

जुन्या कोटांचं जाडजूड कापड तिने दुहेरी लावलं, जमिनीला टेकेल अशी पट्टी जोडली. टाका न् टाका चोख. फक्त तो भार ज्या दोरीवर लटकायचा, तिच्याकडे बाईने ढुंकून पाहिलं नाही.

रविवारी गोष्ट होती माशाने गिळलेल्या संदेष्ट्याची. "आणि माशाने आ वासला!" म्हणत मावशीने दोन्ही हात फेकले, मागे पडद्याला धक्का बसला आणि दोरी तुटली. अख्खा पडदा मावशीवर आणि पलीकडे पाठमोऱ्या बसलेल्या सूनबाईवर धप्पकन कोसळला.

"गिळलं!" ठमी किंचाळली. "माशाने दोघींना गिळलं!"

आत अंधार. "मावशी, आता काय करायचं?" सून पुटपुटली.

"काय करणार? संदेष्टा आत प्रार्थना करतो. कर सुरू!"

दोघींनी मोठ्याने प्रार्थना म्हटली. बाहेर दोन्हीकडची लेकरं खिदळत लोळत होती. पाळक धावत आले आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. "सूनबाई, काय कल्पना काढलीस!"

मावशीचे कान तापले.

"छे हो बाबा, कल्पना मावशींची. मी आपली आयती सापडले."

यावर मावशी आणखीच जळली. चांगुलपणातसुद्धा पोरगी पुढे!

"मग पडदा हवाच कशाला?" पाळक म्हणाले. "पुढच्या वेळेपासून सगळी मुलं एकत्र बसवा."

"मी गाणी घेते मावशी, गोष्ट तुमची," सून म्हणाली.

मावशीने केसांतले दोरे झटकले.

"गोष्ट आधी," ती म्हणाली. "एकदा का तुझ्या गाण्याने उड्या मारायला लागली, की माझं कोण ऐकतंय?"