झूरा आपाची थुंकी

माझ्या सासूच्या, झूरा आपाच्या, थुंकीला आमच्या नारीन खोऱ्यात तिच्या घोडीच्या दुधापेक्षा जास्त मागणी. मूल पहिल्यांदा पाळण्यात घालताना आया म्हणायच्या, "आपा, याच्या ओठांवर थुंका, तुमच्यासारखं बोलू दे." आणि बोलायची हो पोरं! त्यातला एक आज गुरांच्या बाजारात ओरडून मेंढ्या विकतो, एक वकिलीण झाली. मेदेत, म्हणजे माझा नवरा, तेवढा मुखदुर्बळ निघाला. त्याच्यावर म्हणे त्याचा घुमा काका थुंकला होता. मला लग्नाची मागणी घालताना मेदेत नुसतं "मग?" म्हणाला होता.

घरात दुसरा मेदेत मला झेपला नसता. म्हणून माझी लेक बेगायिम झाल्यावर मी आपालाच धरलं, तर आपा अडून बसली.

"माझे गुडघे दुखतायत. दुसरं कुणी बघ."

"थुंकायला गुडघे कशाला लागतात?" मी चिडूनच विचारलं.

तेव्हा ती हळूच म्हणाली, "आटलंय गं सगळं. जीभ टाळूला चिकटते. देवानं माझी बोलायची वेळ संपवली." डोळ्यांत पाणी होतं, तोंडात नव्हतं. मला रडू आलं आणि हसूही.

दवाखान्यातल्या दामिरा नर्सने तिला झापलं. "देवाला कशाला मध्ये घेता? गवत कापताना शिंका येतात म्हणून गोळ्या घेताय ना, त्यांनी तोंड कोरडं पडतंय. डॉक्टरांना विचारून बदलून देते. घोट घोट पाणी प्या, कडक चहा कमी करा, आणि तोंड मिटून नाकानं श्वास घ्या."

"तोंड मिटून?" आपा म्हणाली. "त्यापेक्षा मेलेली बरी."

गोळी बदलली आणि तोंड पुन्हा ओलं राहू लागलं. पण पाळण्याच्या दिवशी घरभर बायका टक लावून बसल्या आणि भीतीने तिच्या घशाला कोरड पडली. तिने थू केलं. नुसता वारा. पुन्हा केलं, पुन्हा वारा. बायका कुजबुजल्या.

आपा आ वासून अगदी जवळ वाकली. बेगायिमने फुर्र करून लाळेचा फवारा सोडला, तो थेट आपाच्या तोंडात.

आपाने मिटक्या मारल्या.

"झालं. आता मीच हिच्यावर जाणार. दात तर आधीच गेलेत."

बायका हसून लोळल्या, आपाही हसली, आणि हसता हसता तिच्या तोंडात चांगलं पाणी जमलं.

"लवकर, आपा, लवकर," मी पोरीला पुढे केलं.

ती थुंकली. बेगायिमने ओठ चाटले आणि असा काही सूर लावला, की मेदेत कानांवर हात ठेवून अंगणात पळाला.