वर म्हणजे पश्चिम

मामंजी गेले त्या सकाळी त्यांच्या खाटेशेजारच्या टेबलावरची पट्टी आणि पेन्सिल मी उचलून ठेवली, आणि मगच रडू फुटलं. कागदावर गाव अर्धंच झालं होतं...

मी पुण्याची, लग्न होऊन कुंभकोणमला आले. पहिल्याच आठवड्यात मामंजी, म्हणजे माझे सासरे, आपल्या तंजावरी मराठीत म्हणाले, "तो तांब्या जरा वर सरकीव." मी तांब्या उचलून फळीवर ठेवला. सगळं घर हसलं. तमिळमध्ये पश्चिम म्हणजे ‘मेल’, वरची बाजू. कावेरी तिकडूनच उतरत येते ना! पूर्व ती खालची. घरात तमिळ नसलं तरी दिशा तमिळच होत्या.

बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तिरुविसनल्लूरजवळचं आपलं जन्मगाव हातानं कागदावर उतरवायला घेतलं. बसनं जायचे, गल्ल्या पालथ्या घालायचे, ओट्यावर टेकून म्हाताऱ्यांना विचारायचे, इथे आधी कोण राहायचं? तळं, पेरुमाळाचं देऊळ, बुजलेली विहीर, पडलेली घरंसुद्धा नकाशात आली. आणि अर्थातच पश्चिम वर. हा नकाशा ते शिकले त्या गावच्या शाळेत लागावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

हेडमास्तर नवे होते. म्हणाले, "सार, मुलं गोंधळतील. उत्तर वर घेऊन काढून द्या."

मामंजी भिडस्त. ‘बरं’ म्हणून नकाशा घेऊन परत आले आणि पुन्हा पहिल्यापासून काढायला बसले. मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता. एका दुपारी मामंजींनी हाक मारली. "अस्कं बरोबर हाय गे. माझं घरच सांपडत नाहीं." त्यांचं ‘अस्कं’ म्हणजे सगळं. मी जुना नकाशा शेजारी धरून जागा दाखवली. त्यांनी मान हलवली, पण तिथे पेन्सिल काही टेकवली नाही.

तेराव्यानंतर हेडमास्तर भेटायला आले. मी भिंतीवर लावलेल्या जुन्या नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "अम्मा, हाच द्या. पोरं मान वाकडी करून बघतील."

मी दिला. हे एवढं वाक्य मामंजींच्या कानावर पडायला हवं होतं. ती हळहळ काही जात नाही...

भिंतीवर आता नुसता खिळा आहे. परवा जेवताना मी लेकीला म्हटलं, "तांब्या वर सरकव गं." तिनं ताटातून मान न उचलता तो पश्चिमेला सरकवला.