रस्त्याकडेच्या खिडक्या

एम.एस्सी. झाल्यावर मला जी पहिली नोकरी मिळाली, तिच्यात काम कमी आणि बसणं जास्त होतं. यवतमाळातल्या वर्दळीच्या रस्त्यांवर हवा किती खराब आहे ते मोजायचं होतं. एमआयडीसीजवळचा ट्रकांचा रस्ता, बस स्टँडसमोरची दुकानांची ओळ, एका दवाखान्याचं फाटक आणि रस्त्याला लागून असलेलं एक राहतं घर, अशा चार जागा प्रकल्प बघणाऱ्या सरांनी ठरवून दिल्या होत्या. सकाळी लोखंडी पेटीसारखं यंत्र सुरू करायचं, त्यात चिमट्यानं वहीच्या पानाएवढा पांढरा कागद ठेवायचा आणि आठ तासांनी काढून पाकिटात घालायचा. यंत्र दिवसभर हवा ओढायचं, धूळ कागदावर बसायची. मधल्या आठ तासांत यंत्राजवळून हलायचं नाही.

त्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायला कोणी थांबत नसे. थांबलंच तर एवढंच विचारायचं, रस्ता रुंद होऊन राह्यला का, दुकानं तुटणार का. नाही म्हटलं की पुढं. फुलसावंगीकडच्या आमच्या तांड्यावर कोणी असं एकटं बसलं तर बाया येऊन कपाळाला हात लावून बघतात, ताप तर नाही. इथं माझी भाड्याची खोली होती. संध्याकाळी याडीला, म्हणजे आईला, फोन लावला की दिवसभरातलं आमच्या बोलीतलं पहिलं वाक्य तोंडातून निघायचं. जेवली का? जेवले. झालं.

राहतं घर होतं ते एका काकूंचं. काकू सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या. नवरा वारलेला, मुलगा पुण्यात. घर बांधलं तेव्हा समोरून सायकली जायच्या म्हणे. मग रस्ता वाढत वाढत अंगणात आला आणि फाटक उघडलं की ट्रकच. रस्त्याकडच्या तिन्ही खिडक्या त्यांनी बंद करून फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते. समोरच्या खोल्या सोडून त्या मागच्या खोलीत राहायच्या, तिथंच गॅस, तिथंच पलंग. यंत्राला वीज द्यायला त्यांनी लगेच होकार दिला. पहिल्याच दिवशी दुपारी दार उघडून म्हणाल्या, "उन्हात काहून बसून राह्यली? आत ये. तुझा डब्बा कुठं पळून नाही जात."

हलायचं नाही हा नियम मी त्यांच्याच घरी मोडला. मागच्या खोलीत गिरणीचा आवाज दबका यायचा, बोललेलं ऐकू यायचं. त्या मला तांड्याबद्दल विचारायच्या, मी त्यांना कचेरीबद्दल. मधूनच त्यांना खोकला लागायचा. लागला की त्या हातातलं काम ठेवून भिंतीला टेकायच्या आणि संपेपर्यंत डोळे मिटून घ्यायच्या. मुलगा म्हणायचा, तू दिवसभर एकटी असतेस म्हणून तुला तो खोकला जास्त वाटतो. हे सांगताना त्यांना राग नसायचा. कोणाचा तरी अर्ज नामंजूर झाल्याचं सांगावं तसं सांगायच्या.

एका संध्याकाळी मी कागद काढत होते तेव्हा त्या मागं येऊन उभ्या राहिल्या. सकाळी पांढरा ठेवलेला कागद चुलीवरच्या तव्याच्या पाठीसारखा झाला होता. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"हे मी रोज ओढते?"

मी म्हटलं, प्रयोगशाळेत वजन केल्यावरच सांगता येतं.

"वजन तुम्ही करा. मले दिसून राह्यलं."

तो कागद त्यांना हवा होता. तो देता येत नाही, असं मी सांगितलं. कचेरीत आयुष्य गेलेल्या बाईला नियम म्हटल्यावर पुढं काही बोलावं लागलं नाही. पण पुढच्या खेपेला दुपारी लाइन गेली ती आलीच नाही. अर्धवट चाललेला कागद मोजणीत धरत नाहीत, टाकून देतात. तो मी त्यांना दिला. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर तारीख लिहिली, सही केली आणि माझ्याकडूनच फोटो काढवून मुलाला पाठवला.

मुलगा चार दिवसांत त्यांना न्यायला आला. मला हे नंतर कळलं, कारण त्या आठवड्यात माझी पाळी बस स्टँडसमोर होती. सकाळी दहा-साडेदहाला समोर ऑटो थांबली आणि तिच्यातून काकू उतरल्या. तोंडाला पदर धरलेला. मुलगा बॅगा घेऊन स्टँडच्या फाटकाकडे गेला. त्या रस्ता ओलांडून माझ्याकडे आल्या आणि बोलू लागल्या. बसचे हॉर्न, कंडक्टरच्या हाका, आणि माझ्या पायाशी ते यंत्र. मला काहीच ऐकू येत नव्हतं. बटण हाताशी होतं. दोन मिनिटं बंद केलं असतं तर वहीत लिहावं लागलं असतं, एवढंच. मी बंद केलं नाही. नुसती मान हलवत राहिले. शेवटचं मात्र त्यांनी कानाशी तोंड आणून सांगितलं, "तोंडाले फडकं बांधत जा. तुले सांगणारं कोणी नाही इथं." मग मुलानं लांबून हात केला आणि त्या गेल्या. आधीचं काय म्हणाल्या ते मी नंतर विचारलंही नाही. काय म्हणून विचारणार?

त्या दिवसाचा कागद चांगला निघाला. आठ तास पूर्ण, कुठं खंड नाही. सरांनी शाबासकी दिली.

पावसाळ्यानंतर दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा काकूंच्या घरात टायरचं दुकान लागलं होतं. समोरची भिंत पाडून शटर बसवलेलं. मागच्या खोलीत टायरांच्या थप्प्या. दुकानदार भला माणूस होता, त्यानंही वीज दिली, बसायला स्टूल दिलं. मी सरांना फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, जागा तीच ठेव, फक्त रकाना बदल. 'निवासी' खोडून मी 'व्यावसायिक' लिहिलं. सरांचंही चूक नव्हतं, तिथं आता कोणी राहत नव्हतं.

मग तिथूनच मी काकूंना फोन लावला. खोकला बराच कमी आहे म्हणाल्या. पुण्यात मुलाकडे नवव्या मजल्यावर राहतात, खिडक्या तिथंही बंदच असतात, एसीसाठी. मुलगा-सून संध्याकाळी उशिरा येतात. मी विचारलं, करमतं का. एवढ्यात एक ट्रक गेला.

"ऐकू नाही आलं," त्या म्हणाल्या, "मागच्या खोलीत येऊन बोल ना."

मी हो म्हटलं आणि तिथंच उभी राहिले. थोड्या वेळानं त्यांच्याच लक्षात आलं असावं. मग म्हणाल्या, ठेव, कामात असशील.

पुण्याला ये, असं त्या पुढं दोन-तीनदा म्हणाल्या. मीही येते म्हटलं. जाणं झालं नाही. सहा महिन्यांनी प्रकल्प संपला, अहवाल गेला, आणि मला बाभुळगावच्या शाळेत विज्ञान शिकवायचं काम मिळालं. तिथली हवा बरी आहे. दुपारच्या सुट्टीत मी बाकीच्या मास्तरणींबरोबर बसून जेवते, आणि बोलणं माझ्याकडे वळलं की काय सांगावं ते मला अजून पटकन सुचत नाही.