चूक क्रमांक तीनशे अठरा

माझ्या आत्याच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असतात. डाव्या हातावरचं चालू, उजव्या हातावरचं गेली बावीस वर्षं बंद. नवखा माणूस हमखास सांगायला जातो, "अहो, तुमचं घड्याळ बंद पडलंय." आत्या शांतपणे म्हणते, "ते मंगळाचं आहे. तिथे आता कुणाला घाई नाही."

मंगळावर उतरलेल्या एका यानाने पाठवलेली सव्वा लाख चित्रं आमच्या ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर जपून ठेवली आहेत. यान कधीच थंड पडलं, पण चित्रं अजून दूरदूरचे अभ्यासक मागवतात आणि त्यांच्याबरोबर आत्याची वहीही त्यांना घ्यावीच लागते. वहीवर लिहिलंय, 'माहीत असलेल्या चुका'. मी तिथेच शेजारच्या टेबलावर बसते. परीक्षा देऊन लागले, वशिल्याने नाही. न विचारताच सांगून टाकते, कारण लोक विचारतातच. मी आत्या म्हणते म्हणून साहेबांसकट सगळं ऑफिस तिला आत्या म्हणू लागलं.

वहीत चार रकाने आहेत: चित्र, चूक, कारण आणि वापरणाऱ्याने काय करावं. उजवीकडे वर दिसणारा काळा ठिपका खडक नाही, भिंगावरची धूळ आहे. अकरा चित्रं तिरकी आहेत, कारण यानाचा एक पाय दगडावर होता. एकशे चौदा चित्रांत मध्येच काळा पट्टा आहे, कारण येता येता तेवढा भाग हरवला. पण चित्राला हात लावायचा नाही, हा आत्याचा नियम. एका संगणकवाल्याने हौसेने तो ठिपका पुसला होता, तर आत्याने त्याला असं फैलावर घेतलं की बिचारा आठवडाभर जिन्यानेही दबकत जायचा. "आज धूळ पुसलीस, उद्या तिथे खरा खडक आला तर तोही पुसशील!"

घरी तरी वेगळं काय? माझ्या आईबाबांच्या लग्नाच्या फोटोमागे तिच्या अक्षरात लिहिलंय: 'डावीकडून तिसरा गृहस्थ कोण, माहीत नाही. दोन्हीकडचे म्हणतात, तुमच्याकडचा.'

तर अशी ही आत्या निवृत्त व्हायला आठ दिवस उरले होते. साहेबांनी निरोपाचं भाषणही लिहून ठेवलं होतं. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लिहिणाऱ्या बाईची स्वतःची एकही चूक वहीत नाही, असं त्यात होतं. आत्याला ते कुणीतरी आधीच वाचून दाखवलं होतं. ती वरवर "काहीतरीच" म्हणाली, पण दिवसभर गुणगुणत होती.

त्याच दिवशी डॉक्टरबाई आल्या. या औषधाच्या नाहीत, हिमाच्या डॉक्टर. दोन चित्रांवर त्यांनी नऊ महिने घालवले होते. दुपारी एकच्या चित्रात यानाच्या पायाशी हिमाचा छोटा पांढरा डाग होता आणि साडेचारच्या चित्रात तोच डाग चौपट मोठा. भर उन्हात हिम वाढतं, हा त्यांचा शोध. पुढच्या गुरुवारी तो दोनशे लोकांसमोर मांडायचा होता. त्यांना फक्त आत्याच्या सहीचा दाखला हवा होता, की या दोन चित्रांत माहीत असलेली कुठलीही चूक नाही.

"बघते आणि देते," आत्या म्हणाली. दुसरी कुणी असती तर तिथल्या तिथे सही ठोकून मोकळी झाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंग घेऊन साडेचारच्या चित्रावर वाकून बसली होती. चित्रात नेमका सावलीवर काळा पट्टा होता. पट्ट्यापलीकडे सावलीचं टोक तेवढं नखाएवढं दिसत होतं.

"अगं, ही सावली सकाळच्या बाजूला पडलीये," ती म्हणाली.

कपाटातून त्या दिवसाची नोंदवही निघाली. यान उतरल्यावर तिसऱ्याच दिवशी वेळेचा शिक्का मारणारं यंत्र बिघडलं होतं आणि नव्याने लागलेल्या आत्याने वेळा हाताने लिहिल्या होत्या. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा चाळीसेक मिनिटांनी मोठा, म्हणून सगळे दोन घड्याळं घालायचे: डाव्या हातावर घरचं, उजव्यावर मंगळाचं. नोंद होती दहा वाजून पाच, मग साडेचार, मग दहा वाजून वीस. मधल्या नोंदीला आत्या चुकीच्या मनगटाकडे बघत होती.

म्हणजे मोठा डाग सकाळचा होता आणि छोटा दुपारचा. हिम वाढत नव्हतं, उन्हात उडून जात होतं, जसं ते मंगळावर सगळीकडेच जातं.

आत्याचा चेहरा उतरला. मी म्हणाले, "आत्या, कुणाला कळणार आहे? सातच दिवस तर राहिलेत." हे मीच म्हणाले आणि मला अजून त्याची लाज वाटते. तिने पेन उघडून वहीत लिहिलं: 'चूक क्र. ३१८. वेळ चुकीची. कारण: मी.'

डॉक्टरबाईंना तिने बोलावून घेतलं आणि नोंदवही पुढ्यात ठेवली. "तुमचे नऊ महिने माझ्यामुळे गेले. मला फार वाईट वाटतंय." बाई साडेचारची ती ओळ वाचून चहा न घेताच निघून गेल्या. त्या दिवशी आत्या जेवली नाही.

साहेबांची वेगळीच पंचाईत. "आत्या, कारण म्हणून 'तांत्रिक' लिहूया ना. माझं भाषण छापूनसुद्धा झालंय."

"मी तांत्रिक नाही, साहेब. मी आत्या आहे."

निरोपाच्या दिवशी साहेबांनी छापील भाषणच वाचलं. "एकही चूक नाही" आलं तशी आत्या उभी राहिली. "एक आहे. तीनशे अठरा." हॉलमध्ये कुजबुज झाली. कुणी हसलं, कुणी खाली मान घातली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "माझ्या दाखल्याचं काय झालं?" दारात डॉक्टरबाई उभ्या होत्या. "परवाच्या सभेत मी हिम कसं उडून जातं तेच सांगितलं. तुमची तीनशे अठरा पडद्यावर दाखवली. सव्वा लाखांतल्या त्या दोन चित्रांवर आता माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे. दाखल्यात 'तीनशे अठराखेरीज चूक नाही' असं लिहून आणलंय, तेवढी सही द्या."

आत्याने सही केली. चष्म्याआडून पाणी वाहत होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती मोठ्याने म्हणाली, "चला, चहा गार होतोय. वाजले तरी किती?" आणि तिने उजवा हात वर केला.

"डावा, आत्या, डावा!" सगळा हॉल ओरडला.