मॅडमच्या गोगलगायी

लग्न करून दिल्लीत आले तेव्हा मयूर विहारात आमच्या सोसायटीच्या तिन्ही बाजूंना बांधकामं चालू होती. नवरा ओखल्याला एका परदेशी कंपनीत नव्यानेच लागला होता, सासूबाई पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि मला एका संशोधन संस्थेत पीएचडीला जागा मिळाली होती. माझ्या गाईडना सगळे मॅडम म्हणत. वाढणारी मज्जापेशी कुठे थांबायचं हे कशी ठरवते, हा त्यांचा विषय. त्यासाठी त्या तळ्यातल्या गोगलगायी वापरत, कारण गोगलगायीच्या मज्जापेशी एवढ्या मोठ्या असतात की एकेक वेगळी काढता येते.

गोगलगाय सुन्न करायची, कवच फोडायचं, टाचण्या टोचून ती पसरायची, डोक्यातली पिवळी गाठ कापायची आणि त्यातली एक पेशी बारीक काचनळीने ओढून बशीत ठेवायची. सुरुवातीला मला जेवण जात नसे. मॅडमना ते कळल्यावर त्यांनी महिनाभर कापाकापीचं काम फक्त मला दिलं.

बशीतली ती पेशी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढायला लागायची, कोवळ्या मेंदूतली पेशी वाढते तशी. तिला धागे फुटायचे, धाग्याच्या टोकाला पसरट पंजा असायचा आणि त्याची बोटं सारखी चाचपडत पुढे जायची. मग मी सेरोटोनिनचा थेंब टाकायची. मज्जापेशी एकमेकींना निरोप द्यायला जी रसायनं वापरतात त्यांतलंच हे एक. थेंब पडला की बोटं आत ओढली जायची आणि धागा जागच्या जागी थांबायचा.

मॅडमनी परदेशातून एक रंग आणला होता. तो पेशीत भरला की जिथे कॅल्शियम वाढेल तिथे ती उजळते. अंधाऱ्या खोलीत बसून मी पाहिलं, आधी पंजा उजळायचा, मग वाढ थांबायची. कॅल्शियम आत शिरायची वाट मी थोडी अडवली, तर सेरोटोनिन असूनही पेशी वाढत राहिली. वाट पुरती बंद केली, तर मात्र वाढ थांबली. पेशीला वाढायला कॅल्शियम लागत होतं, पण बेताचं. मी धावत जाऊन मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, रंगाचा दोष असेल, पुन्हा करा. मी ते पुन्हापुन्हा केलं. दर वेळी तेच दिसलं आणि दर वेळी त्या तेच म्हणाल्या.

मग मला दिवस गेले. तिसरा महिना संपल्यावर मी मॅडमना सांगितलं. त्यांनी अभिनंदन केलं, चहा मागवला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या देखत त्यांनी अंधाऱ्या खोलीची किल्ली माझ्याकडून घेऊन माझ्यानंतर आलेल्या मुलीच्या हातात दिली. माझ्याकडे वळून हसत म्हणाल्या, "आपका कैल्शियम अब घर पर काम आएगा।" खोलीतले सगळे हसले. मीही हसले, हे मला अजून आठवतं.

मला गोगलगायी पुरवायचं काम मिळालं. यमुनेकाठच्या दलदलीत, आमच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, एक तळं होतं. वाढतं पोट सांभाळत, बादली घेऊन मी तिथे चिखलात उतरायची. एके दिवशी पाहते तो ट्रक मलबा ओतत होते. नवी सोसायटी येणार होती. उरल्यासुरल्या गोगलगायी मी घरी आणल्या आणि बाल्कनीत प्लॅस्टिकच्या टबात ठेवल्या. संस्थेतल्या टाकीत त्या मरत. माझ्याकडे अंडी घालायला लागल्या. मी त्यांना पालक उकडून घालायची. सासूबाईंना त्यांची शिसारी होती, पण टबाला त्यांनी कधी हात लावला नाही.

मुलगी झाली. ती तीन-चार महिन्यांची असताना एका रविवारी मॅडम पांढऱ्या मारुतीतून आमच्या घरी आल्या. मी खूश झाले. त्या मला परत बोलवायला आल्या आहेत, असंच मला वाटलं. त्यांनी माझ्या मांडीवरच्या मुलीकडे पाहिलंही नाही. सरळ बाल्कनीत गेल्या, टबावर वाकून बराच वेळ गोगलगायी पाहत राहिल्या. संस्थेतल्या सगळ्या मेल्या होत्या.

सासूबाईंनी पोहे केले. बशी देताना त्यांनी आपल्या मोडक्या हिंदीत मॅडमना विचारलं की हिची डिग्री कधी होणार. मी समोरच बसले होते.

"माताजी, इनसे अब नहीं होगा," मॅडम अगदी मायेने म्हणाल्या.

सासूबाईंनी एक सुस्कारा सोडला. दुःखाचा नव्हता. "मी हेच सांगत होते हिला," असं मला ऐकू जाईल इतपत मराठीत पुटपुटून त्यांनी मॅडमना आणखी पोहे वाढले. मॅडमना पोहे फार आवडले. कढीपत्ता कुठे मिळतो ते त्यांनी विचारून घेतलं.

मला बोलायचं होतं. ती कॅल्शियमची नोंद माझी आहे, तो रंगाचा दोष नव्हता, एवढंच. पण मुलगी रडायला लागली आणि मी तिला घेऊन आत गेले. बाहेर आले तेव्हा नवरा टब उचलून जिना उतरत होता. पाणी सांडू नये म्हणून सासूबाई दोन्ही हातांनी कडा धरून त्याच्यासोबत पायरी पायरी उतरत होत्या. त्यांनी तो टब पहिल्यांदाच हातात धरला होता. त्याने तो गाडीत नीट बसवून दिला आणि मॅडमना बॅक घ्यायला मदत केली.

मी पुढे गाझियाबादच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागले. मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास संस्थेतल्या एका ओळखीच्याने मॅडमचा शोधनिबंध आणून दिला. थोडं कॅल्शियम अडवलं तर वाढ चालू राहते, पुरतं अडवलं तर थांबते, सगळं त्यात होतं. लेखक म्हणून मॅडम आणि माझी किल्ली जिला दिली होती ती विद्यार्थिनी. शेवटी बारीक अक्षरात, गोगलगायी जोपासल्याबद्दल माझे आभार.

संध्याकाळी मी तो नवऱ्यापुढे ठेवला. त्याने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवत वाचलं, त्या ओळीपाशी थांबला आणि त्याचा चेहरा खुलला.

"अगं, नाव छापून आलंय की तुझं," तो म्हणाला आणि आईला हाक मारायला आत गेला.